कृष्णाकाठचा जलतरणशिक्षक : अध्यापनपद्धती आणि कारकीर्द

पोहणे पुस्तकातून येत नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. हे विधान खरे आहे. परंतु पोहणे शिकविण्याला काही शास्त्र नाही, असा जो अर्थ त्यावरून काढला जातो तो खरा नाही. पाण्यात सहज वावरणाऱ्या प्रत्येक मुलाला कोणीतरी शिकविलेले असते, आणि शिकविणाऱ्याच्या मनात एक निश्चित क्रम असतो. तो क्रम त्याने शब्दांत मांडलेला नसतो, इतकेच. सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांत कृष्णेच्या घाटांवर आणि मळ्यांतील विहिरींवर हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. पुढे त्याच्या शेजारी तरणतलावावरील प्रशिक्षक उभा राहिला. एकाच्या हाती दोर असतो, दुसऱ्याच्या हाती स्टॉपवॉच असते. एकाचे विद्यार्थी पूर ओलांडून जाण्याची उमेद बाळगतात, दुसऱ्याचे विद्यार्थी सेकंदाच्या शतांशासाठी झटतात. ह्या दोन शिक्षकांमध्ये वरवर दिसतो तेवढा विरोध नाही. विद्यार्थ्याला किती आधार द्यावा आणि तो केव्हा काढून घ्यावा, ह्या एकाच निर्णयात दोघांचेही कौशल्य सामावलेले आहे. हे दाखविणे, आणि त्यावरून ह्या भागातील जलतरणशिक्षकाच्या कार्याचे मोल कशाने ठरवावे ह्याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. प्रदेश आणि पाणी

कोणतीही शिक्षणपद्धती समजून घ्यावयाची तर ती ज्या परिस्थितीत वाढली ती प्रथम पाहिली पाहिजे. कृष्णा क्षेत्र महाबळेश्वर येथे उगम पावून वाईच्या घाटांवरून सातारा जिल्ह्यात उतरते. माहुलीस तिला वेण्णा मिळते, कऱ्हाडास कोयना मिळते, आणि सांगली शहर ओलांडल्यावर हरिपुरास वारणा येऊन मिळते. वाई, माहुली, कऱ्हाड व सांगली ह्या चारही ठिकाणी नदीला घाट आहेत, व त्या घाटांच्या पायऱ्या हेच काठावरील मुलांचे पहिले विद्यालय होय. उलट माण, खटाव, आटपाडी, जत हे ह्या दोन जिल्ह्यांच्या पूर्वभागातील तालुके अवर्षणप्रवण आहेत. तेथील मुले पोहणे शिकली ती मुख्यतः विहिरींत.

नदी आणि विहीर ह्यांतील फरक केवळ आकाराचा नाही. घाटावर पाणी पायरीपायरीने खोल होत जाते. नवशिक्याला पाय टेकता येतात आणि भीती वाटताच मागे फिरता येते. परंतु नदीच्या पाण्याला ओढ असते, डोह असतात, पावसाळ्यात भोवरे असतात. विहिरीचे पाणी स्थिर व चारी बाजूंनी बंदिस्त. मात्र शेवटची पायरी सुटली की लगेच अथांग. तेथे उथळ म्हणून काही नाहीच. साहजिकच नदीवरचा शिक्षक पाण्याची गती ओळखावयास आधी शिकवितो, तर विहिरीवरच्या शिक्षकाला पहिल्या दिवसापासून आधाराचा प्रश्न सोडवावा लागतो.

जुन्या विहिरींची बांधणी ह्या कामाला अनुकूल होती. साताऱ्याजवळील लिंब येथील बारा मोटांची विहीर ही अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील असून तिला पाण्यापर्यंत नेणाऱ्या प्रशस्त पायऱ्या आहेत. अशी भव्य विहीर विरळाच. परंतु मळ्यातील साध्या मोटेच्या विहिरीलाही पाण्यापर्यंत जाणाऱ्या पायऱ्या, वर थारोळे आणि बैलांची धाव असे. पायऱ्यांवर बसून शिक्षक दोर धरी, आणि थारोळ्याच्या कडेवरून धीट मुले उड्या घेत. पाणी उपसण्यासाठी केलेली रचना अशा रीतीने शिकवण्याची जागा बनली.

२. विहिरीवरील अभ्यासक्रम

शिकण्याचा हंगाम चैत्र-वैशाखाचा. शाळांना सुट्टी, उन्हाची काहिली आणि विहिरीत खाली गेलेले पाणी ह्या तिन्ही गोष्टी त्या वेळी जुळून येतात. शिकविणारा बहुधा घरचाच असे: वडील, चुलता, थोरला भाऊ, किंवा आजोळी गेलेल्या मुलाचा मामा. नदीकाठी ह्यांच्या जोडीला कोळी व आंबी ह्या नावाड्यांच्या घरांतील माणसे असत. शिकविण्याचे कोणी पैसे घेत नसे, आणि तालमीतील वस्तादाला जो मान मिळतो तोही त्याला रीतसर मिळत नसे. तरीही त्याच्या शिकवणीत चार पायऱ्या स्पष्ट दिसतात.

पहिली पायरी ओळखीची. मूल पाण्यालगतच्या पायरीवर बसते, पाय पाण्यात सोडते, तोंडावर पाणी घेते, कडेला धरून डोके बुडविते. दुसरी पायरी आधाराची. मुलाच्या पाठीला वाळलेला दुध्या भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधतात. कमरेला दोर बांधून त्याचे टोक शिक्षक हाती ठेवतो. पुढील काळात भोपळ्याच्या जागी पत्र्याचा बंद डबा, मोटारीच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब आणि प्लॅस्टिकचा कॅन आला. पद्धत मात्र तीच राहिली.

तिसरी पायरी आधार कमी करण्याची, आणि शिक्षकाची खरी परीक्षा येथेच होते. दोन भोपळ्यांच्या जागी एक येतो. ताणलेला दोर ढिला सुटतो. पुढे भोपळा जातो आणि नुसता दोर राहतो. अखेरीस दोरही वर राहतो. ह्या प्रत्येक टप्प्याला किती दिवस द्यावयाचे ह्याचे कोष्टक कोणाजवळ नसते. मुलाचा श्वास धापेचा आहे की शांत, हात पाणी चोपतात की मागे लोटतात, डोळे पायरी शोधतात की पाणी पाहतात, ह्यावरून शिक्षक निर्णय घेतो. आधार लवकर गेला तर मूल भितें होते, आणि ती भीती पुष्कळदा जन्मभर पुरते. उशिरा गेला तर त्याचे शरीर भोपळ्याच्या उचलीला सरावते आणि त्यावाचून पोहण्याची सवय त्याला नव्याने करावी लागते.

चौथी पायरी स्वैर संचाराची. मूल मुटका मारते, सूर मारते, बुडी मारून तळाचा दगड वर आणते, उताणे पडून विसावते, उभ्याने पाणी तुडवीत राहते. ह्या क्रीडांचे शैक्षणिक महत्त्व फारसे ओळखले गेलेले नाही. ज्या मुलाने तळ पाहिला आहे त्याला खोलीचे भय राहत नाही, आणि ज्याला उताणे विसावता येते तो दमला म्हणून बुडत नाही. नदीवर ह्याच टप्प्यात प्रवाहाचे धडे मिळतात. पलीकडे जावयाचे तर इष्ट स्थळाच्या बरेच वर उतरावे, ओढीच्या विरुद्ध हात न मारता तिरपे जावे, भोवऱ्यापासून दूर राहावे, हे ते धडे होत. सांगलीच्या आयर्विन पुलावरून भर पुरात उड्या घेणारे तरुण हे ह्याच शिक्षणाचे धाडसी, आणि सर्वथा अनुकरणीय न म्हणता येणारे, फळ होय.

ह्या पद्धतीचे दोन दोष येथेच नोंदविले पाहिजेत. मुलाला बेसावध असताना पाण्यात ढकलून देण्याची चाल अनेक ठिकाणी होती. त्यातून जी मुले तरली त्यांच्या कथा सांगितल्या जातात. जी पुन्हा कधी पाण्याजवळ गेली नाहीत त्यांच्या कथा कोणी सांगत नाही. म्हणून ह्या उपायाचे यश नेहमीच वाढवून सांगितले गेले आहे. दुसरा दोष अधिक व्यापक आहे. विहिरीवरचे हे शिक्षण बहुतांशी मुलग्यांपुरते राहिले, आणि मुलींच्या वाट्याला ते क्वचितच आले.

३. आधाराचे भौतिकशास्त्र

भोपळा पाठीलाच का बांधतात, आणि एवढ्याशा भोपळ्याने मूल कसे तरते, ह्या प्रश्नांचे उत्तर आर्किमिडीजच्या तत्त्वात आहे. मानवी शरीराची घनता पाण्याच्या घनतेहून फारशी वेगळी नाही. छाती हवेने भरलेली असता बहुतेक माणसे जेमतेम तरंगतात. श्वास पूर्ण सोडला की हळूहळू बुडू लागतात. म्हणजे बुडणे आणि तरणे ह्यांतील अंतर काही लिटर हवेचे आहे. अडचण अशी की नवशिका संपूर्ण डोके पाण्याबाहेर ठेवू पाहतो. पाण्याबाहेर आलेल्या अवयवाला पाण्याची उचल मिळत नाही. त्याचे सर्व वजन उरलेल्या शरीरावर पडते. दहा-बारा वर्षांच्या मुलाचे डोके सुमारे चार किलो धरले, तर तेवढीच जादा उचल त्याला कोठून तरी मिळाली पाहिजे.

भोपळा नेमकी तीच पुरवितो. एक लिटर पाणी बाजूस सारले की एक किलोची उचल मिळते. पाच लिटर आकारमानाचा पोकळ, वाळलेला भोपळा स्वतः अर्धा-पाऊण किलोचा असेल तर पूर्ण बुडाल्यावर तो चार किलोंहून अधिक भार पेलतो. पांगाऱ्याचे लाकूड पाण्याच्या सुमारे पाव ते एकतृतीयांश घनतेचे असल्याने तेवढीच उचल मिळविण्यास बिंडा किंचित मोठा घ्यावा लागतो. भोपळा म्हणजे मुलाच्या डोक्याचा भार पाण्यावर ठेवण्याची युक्ती होय, असे म्हणता येईल.

आता जागेचा प्रश्न. पाण्यात आडव्या पडलेल्या शरीराची उचल छातीजवळ केंद्रित होते, कारण फुप्फुसे तेथे आहेत. वजनाचा मध्य मात्र ओटीपोटाच्या जवळ असतो. हे दोन बिंदू एका उभ्या रेषेत नसल्याने पाय आपोआप खाली जातात. पाय खाली गेले की शरीर तिरपे होते आणि पुढे जाताना अधिक पाणी ढकलावे लागते. पाठीवर, कमरेच्या बाजूस सरकवून बांधलेला भोपळा कंबर वर धरतो आणि हातपाय मोकळे ठेवतो. पुढे तलावावर मांड्यांमध्ये धरावयाचा जो फोमचा ठोकळा आला, त्याचेही कार्य हेच आहे.

ह्याच विवेचनातून एक इशाराही निघतो. पाठीवर बांधलेला आधार मुलाला पालथे ठेवतो. मूल घाबरून निश्चेष्ट झाले तर त्याचे तोंड पाण्यात राहील. म्हणून भोपळा हे शिकविण्याचे साधन आहे, जीव वाचविण्याचे नव्हे. जीव वाचवितो तो दोर आणि दोर धरणाऱ्याचे लक्ष. परंपरागत शिक्षक भोपळ्याबरोबर दोर कधी सोडीत नसे, ह्यामागील कारण हेच होय. कॅन बांधून मुलांना आपापले पोहू देण्याची जी सवय पुढे पडली, तिच्यात पद्धतीचे साधन उरले आणि पद्धत मात्र हरवली.

४. जेथे परंपरा थांबते

विहिरीवरचा शिक्षक आपल्या विद्यार्थ्याला निर्भय करतो, दमदार करतो. पट्टीचा पोहणाराही करतो. शर्यतीचा जलतरणपटू मात्र तो सहसा घडवू शकत नाही. ह्याची कारणे त्याच्या कौशल्यात नसून पाण्यात आहेत. पन्नास फूट व्यासाच्या विहिरीत काही हात मारले की भिंत येते, त्यामुळे सलग लय बसत नाही. नदीत प्रवाहाबरोबर पोहणाऱ्याला आपला वेग आहे त्याहून मोठा वाटतो. भोवतालचे पाणी सतत पाहणे ही तेथील सुरक्षिततेची गरज असल्याने डोके वर ठेवण्याची सवय लागते. शर्यतीत तीच सवय सर्वांत मोठा अडथळा ठरते. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट करावयाचा तर रोध चौपट होतो आणि लागणारी शक्ती सुमारे आठपट होते. म्हणून शर्यतीत बळ वाढविण्याइतकेच रोध घटविणे महत्त्वाचे असते. डोके खाली, शरीर सरळ, श्वास बाजूने घ्यावयाचा आणि पाण्यात सोडावयाचा, ह्या गोष्टी विहिरीत कोणी शिकवीत नाही, कारण तेथे त्यांची गरज नसते.

असाच पेच ह्याच प्रदेशाने कुस्तीत अनुभवला आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव लाल मातीत तयार झाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना मॅटवर आणि परक्या नियमांनी खेळावे लागले. फ्लायवेट गटात ते सहावे आले. तेथे अमेरिकन प्रशिक्षक रीस गार्डनर ह्यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. चार वर्षांनी, १९५२ मध्ये, हेलसिंकी येथे बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. मातीने दिलेले बळ व चपळाई मॅटवर निरुपयोगी ठरली नाही. तिला नव्या पृष्ठभागाचे आणि नव्या नियमांचे ज्ञान जोडावे लागले, इतकेच. विहिरीतून तलावाकडे येणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी नाही.

५. मोजमापाचा शिक्षक

तलावावरील आधुनिक प्रशिक्षणाचे स्वरूप समजण्यासाठी एका परदेशी प्रशिक्षकाची कारकीर्द उपयोगी पडते. जेम्स कौन्सिलमन हे १९५७ पासून १९९० पर्यंत अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात प्रशिक्षक होते. १९६४ व १९७६ ह्या दोन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुष संघाचे मार्गदर्शन त्यांनी केले. १९७६ मध्ये माँट्रिऑल येथे त्या संघाने पुरुषांच्या १३ शर्यतींपैकी १२ जिंकल्या. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदके मिळविणारा मार्क स्पिट्झ हा त्यांचाच विद्यार्थी. परंतु विद्यापीठीय वाचकाला त्यांचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. पोहणाऱ्यांचे पाण्याखालून चित्रीकरण करून त्यांनी हाताचा मार्ग अभ्यासिला, आणि उत्तम जलतरणपटूचा हात सरळ मागे न जाता वक्र मार्गाने जातो हे दाखविले. त्यांचा जलतरणशास्त्रावरील ग्रंथ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. हाताच्या वक्र गतीचे स्पष्टीकरण बर्नूलीच्या सिद्धांताने करण्याचा त्यांनी १९७१ मध्ये जो प्रयत्न केला, तो पुढील संशोधनात पूर्णपणे टिकला नाही. हाताने मागे लोटलेल्या पाण्याचा रोध हा त्याहून प्रभावी घटक मानला गेला. तथापि पाण्यात काय घडते हे काठावरून तर्काने न ठरविता पाहून व मोजून ठरवावे, ही त्यांनी घालून दिलेली शिस्त टिकली. वयाच्या ५८ व्या वर्षी, १९७९ मध्ये, त्यांनी स्वतः इंग्लिश खाडी पोहून पार केली.

आधुनिक प्रशिक्षणाचा कणा म्हणजे ठरावीक अंतर ठरावीक विश्रांतीने पुनःपुन्हा पोहणे. समजा, एखाद्या मुलाला ५० मीटरचे आठ टप्पे द्यावयाचे आहेत. प्रशिक्षक आरंभी प्रत्येक टप्प्यानंतर एक मिनिट विश्रांती देतो. टप्प्यांची वेळ आणि हातांची संख्या स्थिर राहू लागली की विश्रांती पन्नास सेकंदांवर, मग चाळीसवर आणतो. वेळ घसरली किंवा तेवढ्याच अंतराला हात अधिक लागू लागले, तर शैली मोडत आहे असे समजून तो मागे येतो. येथे विश्रांती हाच आधार आहे आणि प्रशिक्षक तो मापून काढून घेत आहे. विहिरीवरचा शिक्षक दोन भोपळ्यांवरून एकावर येताना जे करीत होता तेच हे. फरक इतकाच की त्याचा निर्णय नजरेवर होता, ह्याचा नजरेबरोबर आकड्यांवरही आहे.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत मात्र आकड्यांवर विसंबण्यात एक धोका आहे. बारा ते पंधरा ह्या वयात हातपाय झपाट्याने लांबतात. कालपर्यंत जमलेली लय काही महिने विस्कटते, वेळ सुधारत नाही, कधी मागेही जाते. समवयस्क मुलांतही ही वाढ एकाच वेळी होत नाही. लवकर वाढलेला मुलगा जिंकतो आणि उशिरा वाढणारा, कदाचित अधिक गुणी असलेला, स्वतःला नालायक समजून तलाव सोडतो. अशा वेळी प्रशिक्षकाने पदकाची घाई बाजूस ठेवून शैली राखणे आणि मुलाचा धीर राखणे आवश्यक असते. मुलाच्या डोळ्यांकडे पाहून दोर ढिला सोडणाऱ्या जुन्या शिक्षकाची दृष्टी येथे स्टॉपवॉचपेक्षा अधिक उपयोगी पडते.

६. पाण्याचा आधार : मुरलीकांत पेटकर

आधाराच्या ह्या विचाराला एक निराळी बाजू आहे, आणि ती सांगली जिल्ह्यातीलच एका चरित्राने स्पष्ट होते. मुरलीकांत पेटकर ह्यांचा जन्म १९४४ मध्ये पेठ-इस्लामपूर परिसरात झाला. लहानपणी कुस्तीची ओढ; पुढे ते सैन्यात दाखल झाले आणि मुष्टियुद्धात नाव मिळविले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली व पाय अधू झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. १९६८ मध्ये तेल अवीव येथील पॅरालिंपिकमध्ये ते टेबलटेनिस खेळले. ऑगस्ट १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यत आपल्या गटात ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमी वेळात जिंकली. भारताचे पॅरालिंपिकमधील ते पहिले सुवर्णपदक होय. त्यानंतर काही आठवड्यांतच म्यूनिक येथे स्पिट्झने आपली सात पदके मिळविली. जगाचे लक्ष साहजिकच तिकडे गेले. पेटकरांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये.

जमिनीवर ज्याचे पाय भार घेत नाहीत त्याचा भार पाणी घेते. शिवाय फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेणारा जोर बहुतांशी हातांचा असतो. पायांचा वाटा त्या मानाने थोडा, आणि त्यांचे मुख्य काम शरीर सरळ राखण्याचे. म्हणून बलवान खांद्यांच्या माणसाला पाण्यात जे शक्य होते ते जमिनीवर होत नाही. नवशिक्या मुलाला आधार भोपळा देतो आणि पाणी त्याला शत्रू वाटते. येथे पाणी हाच आधार ठरतो. वस्तुतः सर्व जलतरणशिक्षणाचे अंतिम ध्येय हेच आहे. बाह्य आधार एकेक करून दूर करीत अखेर विद्यार्थ्याचा विश्वास पाण्याच्या स्वतःच्या उचलीवर बसविणे, हे ते ध्येय होय. ज्याला हे साधले तो शिक्षक यशस्वी. मग त्याचा विद्यार्थी मळ्यातील मूल असो की जखमी सैनिक.

७. प्रशिक्षकाची कारकीर्द

परंपरागत शिक्षकाला कारकीर्द नव्हती. त्याचे शिकविणे हा कुटुंबधर्माचा भाग होता. प्रशिक्षण हा व्यवसाय म्हणून भारतात स्थिरावला तो १९६१ मध्ये पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाल्यानंतर. तेथील पदविका ही प्रशिक्षकाच्या पात्रतेची खूण ठरली. १९८५ पासून श्रेष्ठ प्रशिक्षकांना द्रोणाचार्य पुरस्कार दिला जाऊ लागला.

जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या प्रशिक्षकाचा मार्ग मात्र ह्या सन्मानापर्यंत क्वचित पोहोचतो. तलावावरील जीवरक्षक, मग नवशिक्यांचा शिक्षक, मग निवडक मुलांचा प्रशिक्षक, अशा पायऱ्या तो चढतो. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत तलाव गजबजतो. त्या गर्दीतून पोहण्याचे सातत्य टिकविणारी थोडी मुले त्याला निवडावयाची असतात. पाणी गार झाले की मुले गळतात, परीक्षा आल्या की आणखी गळतात. जी उरतात त्यांच्यातील एखादे खरोखर गुणी निघाले, तर त्याला मोठ्या शहरात पाठविण्याचा निर्णयही त्यालाच घ्यावा लागतो.

ह्याचे ठळक उदाहरण शेजारच्या कोल्हापूरचे. वीरधवल खाडे हे तेथे पोहावयास लागले. पुढे बंगळूर येथे निहार अमीन ह्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सराव केला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ते वयाच्या सतराव्या वर्षी उतरले, आणि २०१० मध्ये ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळविले. १९८६ मध्ये खजानसिंग ह्यांनी सेऊल येथे मिळविलेल्या रौप्यपदकानंतर आशियाई स्पर्धेतील जलतरणाचे भारताचे हे पहिले पदक होते. निहार अमीन ह्यांना २०१५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार लाभला, आणि तो सर्वथा योग्यच होता. परंतु अशा प्रत्येक यशामागे मुलाला प्रथम पाण्यात उतरविणारी, त्याची भीती घालविणारी आणि वेळ येताच त्याला दुसऱ्याच्या हाती सोपविणारी माणसे असतात, आणि पुरस्कारांच्या यादीत त्यांना जागा नसते. आपला उत्तम विद्यार्थी दूर पाठविणे हादेखील आधार काढून घेण्याचाच एक प्रकार आहे. फरक एवढाच की येथे काढून घ्यावयाचा आधार म्हणजे प्रशिक्षक स्वतःच असतो.

८. पुराचा प्रदेश आणि शिक्षकाचे दायित्व

पदकांच्या हिशेबात न येणारे आणखी एक कार्य आहे, आणि कृष्णाकाठी ते पदकांहून महत्त्वाचे मानावे लागेल. २००५, २०१९ व २०२१ ह्या वर्षांत ह्या खोऱ्याला महापुराने वेढले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. तेथील धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. त्याच पुरात ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी नाव उलटून अनेक ग्रामस्थ मृत्यू पावले. अशा प्रसंगी पोहता येणे हा पूर्ण उपाय नव्हे. ओढीच्या, गढूळ, वाहून आलेल्या झाडाझुडपांनी भरलेल्या पाण्यात पट्टीचा पोहणाराही हतबल होतो. परंतु काही मिनिटे तरंगत राहता येणे, न घाबरता श्वास सांभाळता येणे आणि बुडणाऱ्याला हात न देता दोर किंवा काठी द्यावी हे ठाऊक असणे, ह्यांवर पुष्कळदा जीवनमरण अवलंबून असते.

नेमक्या ह्याच काळात परंपरागत शिक्षण क्षीण झाले आहे. मोटेच्या जागी पंप आल्यावर विहिरीत उतरण्याच्या पायऱ्यांची गरज संपली. कूपनलिकांत तर माणसाला उतरावयास जागाच नाही. नदीच्या पात्रातील वाळू उपसल्याने ओळखीच्या उतारावरही अनपेक्षित खड्डे पडले. पालकांची भीती वाढली, आणि ती अनाठायी नाही. परिणामी पूर येण्याची शक्यता कायम राहिली, परंतु पाण्याशी मैत्री असलेल्या मुलांची संख्या घटली. नदीकाठची मुले पोहणारच, असे गृहीत धरण्याचे दिवस राहिले नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लक्ष माणसे बुडून मृत्यू पावली. शाळकरी वयाच्या मुलांना पोहणे, जलसुरक्षा व सुरक्षित बचाव ह्यांचे प्राथमिक शिक्षण द्यावे, अशी ह्या संघटनेची शिफारस आहे. ही गोष्ट अल्प खर्चात होऊ शकते हे बांगलादेशाने दाखवून दिले आहे. तेथे गावच्या तळ्यांत बांबूचा मंच बांधून, काठालगत मर्यादित खोलीचा भाग आखून, गावातीलच प्रशिक्षित माणसांकडून चार वर्षांवरील मुलांना क्रमाक्रमाने शिकविले जाते. २५ मीटर पोहणे आणि ३० सेकंद तरंगत राहणे ही तेथील उत्तीर्णतेची कसोटी. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रीतीने शिकलेल्या मुलांमध्ये बुडून होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले.

ह्या योजनेत नवे असे फार थोडे आहे. गावचे पाणी, गावचा शिक्षक, पायरीपायरीने कमी होणारा आधार, ह्या सर्व गोष्टी मळ्यातील विहिरीवर होत्याच. बांगलादेशाने त्यांना निश्चित क्रम, निश्चित कसोटी आणि शिक्षकाचे शिक्षण ह्यांची जोड दिली, आणि मुलींनाही त्यात घेतले. परंपरेत जे नव्हते तेवढेच बाहेरून आणले.

९. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, भोपळा व दोर आणि स्टॉपवॉच व विश्रांतीचे माप ही एकाच अध्यापनतत्त्वाची दोन रूपे आहेत. आधार देणे आणि योग्य वेळी तो काढून घेणे हे ते तत्त्व होय. दुसरी ही की, परंपरागत शिक्षक जेथे थांबतो तेथे प्रशिक्षकाचे काम सुरू होते. पाण्याची भीती न गेलेल्या मुलाला शैली शिकविता येत नाही, आणि शैलीचे ज्ञान नसता निर्भय मूल शर्यत जिंकू शकत नाही. तिसरी ही की, ह्या प्रदेशात जलतरणशिक्षकाचे यश केवळ पदकांनी मोजणे अपुरे आहे. त्याने किती मुलामुलींना पाण्यात सुरक्षित केले, हे त्याच्या कारकीर्दीचे अधिक योग्य मोजमाप ठरेल.

शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात हे दोन्ही जिल्हे १९६२ मध्ये त्याच्या स्थापनेपासून येतात. विहिरीवर व घाटावर शिकविलेली वृद्ध माणसे ह्या भागात अद्याप आहेत. कोणत्या वयाला त्यांनी सुरुवात केली, कोणता आधार किती दिवस ठेवला, कोणत्या खुणेवरून तो काढला, भ्यालेल्या मुलाला पुन्हा पाण्यात कसे आणले, ह्या प्रश्नांची उत्तरे त्यांच्याजवळच मिळू शकतील. शारीरिक शिक्षण, भूगोल आणि मानवशास्त्र ह्या तिन्ही शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हा विषय घेता येण्याजोगा आहे. ती उत्तरे लेखनिविष्ट झाली, तर तलावावरील प्रशिक्षकाला ती उपयोगी पडतील, आणि पूररेषेतील शाळांसाठी पोहण्याचा साधा अभ्यासक्रम आखतानाही त्यांचा आधार घेता येईल. मात्र हे काम लवकर झाले पाहिजे, कारण ही विद्या त्या माणसांच्या स्मरणातच आहे.